पायाला लावलेलं गंध

जेवताना बोलू नये, असं चाळीतल्या इतर घरांत मुलांना दटावत. आमच्याकडे सगळं बोलणं जेवतानाच व्हायचं, आणि आई पुढे शेवटपर्यंत म्हणत राहिली की आपलं घर त्या बोलण्यानंच मोडलं. तेव्हा मला तो तिचा त्रागा वाटायचा. आता तिच्या त्या वेळच्या वयाच्या कितीतरी पुढे आले, तेव्हा वाटतं, बाई बरोबर बोलत होती. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवेलागणीनंतर पाट मांडले जायचे. अण्णा भिंतीला टेकून, त्यांच्या उजव्या हाताला मी, समोर विजूदादा, आणि आई स्टोव्हकडे अर्धी वळून. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, मिळाले तर सुके बांगडे. आमच्या डोक्यावर पोटमाळा होता. तिथं दादाची पत्र्याची ट्रंक, त्याची वळकटी आणि एक बिनशेडचा दिवा एवढंच सामान होतं, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून, पण माणूस सगळा संध्याकाळी घरी आल्यावर सुरू व्हायचा. खिडकीशी त्यांचं टेबल होतं. काळं फडकं, घड्याळजीचे पेचकस, चिमटे, स्क्रू हलू नये म्हणून त्यावर टेकवायला नेलपॉलिशची बाटली, आणि मधोमध कुणाचा तरी पोट उघडलेला कॅमेरा. जुन्या जर्मन कॅमेऱ्यांचं त्यांना वेड होतं. ऑपेरा हाऊसच्या बाजूला एका जुन्या इमारतीत लिलावघर होतं. जुन्या बंगल्यांतलं सामान तिथं विकायला यायचं: झुंबरं, पियानो, शिकारीच्या बंदुका, कॅमेरे. लिलावाच्या आदल्या दिवशी माल पाहायला ठेवत. त्या दिवशी घेणारे अण्णांना बरोबर न्यायचे, आणि अण्णा माझं बोट धरून, पुढे बोट धरायचं वय गेल्यावर नुसतं 'शैले, चल' म्हणून, मला न्यायचे. अण्णा कॅमेरा हातात घेऊन 'खरा' किंवा 'खोटा' एवढंच म्हणायचे. चहा आणि खारी सोडून त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. 'शब्दाला दाम लावला की शब्द संपला,' असं ते म्हणत, आणि तसं म्हणताना स्वतःवर थोडे खूशही असत.

खोटे म्हणजे काय, तर गोदीवर उतरणारे रशियन खलाशी आपल्याकडचे कॅमेरे विकून जायचे. ते दिसायला जर्मन कॅमेऱ्याची सही सही नक्कल. त्यावरचं रशियन नाव घासून काढायचं, जर्मन नाव कोरायचं, थोडा जुनाट करायचा, आणि कुणा साहेबाच्या घरातून आला असं सांगून लिलावात सोडायचा. अण्णांनी मला शिकवलं ते असं की भिंगाकडे बघूच नकोस, तिथं सगळेच बघतात. आधी हुंग. मग झीज बघ. खऱ्या कॅमेऱ्याची झीज माणसाच्या बोटांनी झालेली असते, त्यामुळे अंगठा जिथं टेकतो तिथंच पितळ दिसतं. खोटं करणारा मात्र सगळ्या कडा सारख्या घासतो. मग एका सेकंदावर लावून बटण दाब आणि कान दे. ते काम माझं होतं. आतली चक्रं त्या एका सेकंदात कुरकुरतात, आणि जर्मनची कुरकुर एका लयीत जाते, रशियनची शेवटाला अडखळते. अण्णांना एवढं बारीक ऐकू यायचं नाही, मला यायचं. शेवटी भिंग काढून तोंडात डोकावायचं. जर्मनच्या तोंडात वरच्या बाजूला एक बारीक गोल चाक असतं, रशियनच्या तोंडात चपटी पट्टी.

विजूदादाला या टेबलाशी जागा नव्हती. लहानपणी त्यानं एकदा कुणाचा तरी कॅमेरा उघडला आणि स्प्रिंग उडून गॅलरीतून खाली गेली. त्यानंतर अण्णांनी त्याला पेचकसाला हात लावू दिला नाही. दादा मॅट्रिकला बसला आणि बसूनच राहिला. मग भांड्यांच्या दुकानात नावं घालायला लागला. लग्नाच्या दिवसांत बायका त्याच्यासाठी थांबून राहायच्या, इतकं त्याचं अक्षर सुंदर. आमच्या घरातलं प्रत्येक ताट, वाटी, पळी त्यानं कोरलेलं आईचं नाव मिरवत असे. अण्णा ते ताट समोर घेऊन जेवायचे आणि म्हणायचे, 'तुझा हात भांड्यांचा आहे विजू. तिथंच ठेव.' चेष्टेनंच म्हणायचे. दादा हसायचा. ते हसणं मी नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं. पुढे त्याला लालबागला यंत्रांच्या पितळी पाट्या कोरायच्या कारखान्यात काम मिळालं, आणि तो उशिरा घरी यायला लागला.

मी सतरा वर्षांची झाले त्या सालात लिलावघरात खोटे कॅमेरे एकदम वाढले. पहिला आला तो काळ्या रंगाचा होता, आणि अण्णांनी हातात घेतल्या घेतल्या नाक वाकडं केलं. ताज्या रंगाचा वास. रात्री जेवताना अण्णांनी सगळी गोष्ट रंगवून सांगितली, लिलावघराच्या मॅनेजरचा चेहरा कसा पडला त्याची नक्कल केली. आम्ही पोट धरून हसलो. पुढचा आला तो चंदेरी होता, रंगाचा प्रश्नच नाही, पण कडा सारख्या घासलेल्या. तेही जेवताना सांगून झालं. त्याच्या पुढच्याची झीज बरोबर अंगठ्याखाली होती, इतकी बरोबर की अण्णा 'खरा' म्हणता म्हणता थांबले, आणि मी आवाजावरून ओळखला. त्या दिवशी अण्णांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं बांगडा वाढला. आणि दादानं त्या दिवशी पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

'अडखळतो म्हणजे नक्की कसा गो?'

मी तोंडानं आवाज काढून दाखवला. आधी जर्मन, मग रशियन. त्यानं पुन्हा काढायला लावला. आई म्हणाली, 'आधी जेवा, मगे काय ता बोला.' दादा भात कालवत ऐकत होता, डोळे ताटावर, मान किंचित माझ्याकडे. मला मोठं अप्रूप वाटलं, कारण दादानं माझ्याकडून काही शिकावं असं तोवर काही नव्हतंच. मी आणखी एकदा काढून दाखवला.

सामंत नावाचा माणूस त्याच सुमाराला आमच्याकडे यायला लागला. दुपारी यायचा, अण्णा कचेरीत असताना, आणि नेमका दादाच्या सुट्टीच्या दिवशी. पांढरे बूट घालायचा. आमच्याकडे दारातच चपला काढायची रीत, पण हा बूट काढायला नको म्हणून आतच यायचा नाही. गॅलरीत कठड्याला पाठ लावून उभा राहायचा, चहा नको म्हणायचा, आणि दादा माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून त्याला द्यायचा. 'पाट्या आहेत,' दादानं सांगितलं. माळ्यावरून दुपारभर खरवडल्यासारखा बारीक आवाज यायचा. शेजारच्या खोताच्या वाडीतून कुणीतरी पियानोवर एकच धडा गिरवत असायचं, आणि दोन्ही आवाज मिसळून माझं अभ्यासावरचं लक्ष उडायचं. एकदा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सामंत माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, 'तूच का ती शैला? कान फार तयार आहे म्हणे तुझा.'

मी ओले कपडे तसेच बालदीत टाकून आत आले. माझ्या कानाबद्दल बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. लिलावघरात मी कॅमेरा नुसता कानाशी धरायची आणि अण्णांचा दंड दाबायची, बोलायचे अण्णाच. ही गोष्ट बोलली गेली होती ती फक्त पाटांवर. मला भीती वाटली, आणि खरी भीती कशाची वाटली ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. सतरा वर्षांची मुलगी भावाबद्दल असं काही मनात आणत नाही, आलं तर उशीखाली दडपते. त्यानंतर लिलावघरात आलेल्या कॅमेऱ्याची कुरकुर एका लयीत गेली. तो अण्णांनी तोंडातल्या पट्टीवरून पकडला आणि जेवताना म्हणाले, 'कुणीतरी आपलं ऐकतंय बरं का. आपण एक खोड सांगतो आणि पुढच्या खेपेला ती गेलेली असते.' ते हसले. बाकी कुणी हसलं नाही. आईनं दादाच्या ताटात न विचारता आणखी भाकरी वाढली, आणि त्यानं ती तशीच ठेवली.

मग दसरा आला. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. सगळीकडे हळदकुंकू वाहतात, तेही हत्याराच्या दर्शनी भागाला. आमची आई मालवणकडची, आणि तिच्या माहेरची तऱ्हा वेगळी. ती सहाणेवर चंदन आणि आंबेहळद एकत्र उगाळायची. घरभर कैरी चिरल्यासारखा वास सुटायचा. आणि ते गंध ती हत्याराला वरून नव्हे, खालून लावायची. 'माणसाच्या कपाळाक, हत्याराच्या पायांक,' असं तिचं म्हणणं. शिवणयंत्राच्या बुडाला, अडकित्त्याच्या दांड्याच्या आतून, अण्णांच्या कॅमेऱ्यांना तळाशी. अण्णा तिला चिडवायचे की तुझा देव सगळा जमिनीवर बसलेला. त्या वर्षी सगळं झाल्यावर ती वाटी घेऊन शिडी चढली. दादा नळावर आंघोळीला गेला होता. ती वर बराच वेळ होती. उतरली तेव्हा वाटी रिकामी होती आणि बोटं पिवळी.

'माळ्यावरच्याक पण लायलंय,' ती म्हणाली. काय होतं माळ्यावर, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मुलगा ज्यावर पोट भरतो ते हत्यार, त्याची पूजा करायची, एवढंच तिला कळत होतं असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. हल्ली वाटतं, तिला आणखीही कळलं असावं.

दिवाळीच्या तोंडावर बेंजी अंकल आले. खोताच्या वाडीत त्यांचं घर, लग्नांचे फोटो काढण्यात जन्म गेलेला. त्यांच्या वडिलांकडे ते जर्मन यंत्र होतं. वडिलांच्या आजारपणात विकावं लागलं, आणि तेव्हापासून बेंजी अंकल तसंच दुसरं मिळवायचं म्हणून पैसे बाजूला टाकत आले होते. लिलावघरात एक येतोय अशी त्यांना खबर होती. 'तू खरा बोल नुसता,' ते अण्णांना म्हणाले, 'मग आयुष्यात जमवलेलं सगळं त्याच्यावर लावतो बघ मी.' आई त्यांना चकली देत होती, ती ताटली हातात धरून तशीच उभी राहिली. दादा शिडीच्या पायरीवर बसून दात कोरत होता. तो म्हणाला, 'अण्णा सांगतीलच की खरं काय ते.'

लिलावघरात त्या दिवशी गर्दी होती. पाहायला ठेवलेल्या सामानाचा तो धूळ आणि मेणाचा वास मला एरवी आवडायचा, त्या दिवशी नकोसा झाला. सामंत खांबाशी उभा होता, पांढरे बूट पुसलेले. आणि मागे, दरवाज्याच्या कडेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला दादा. तो यापूर्वी तिथं कधीही आला नव्हता. अण्णांनी त्याला पाहिलं नाही. ते कॅमेरा घेऊन खिडकीच्या उजेडात गेले होते. त्यांनी हुंगला. बोटं फिरवली. भिंग काढून तोंडात बघितलं. गोल चाक होतं. त्यांचा चेहरा खुलत गेला. खरा कॅमेरा हातात आला की त्यांचा चेहरा तान्ह्या मुलाला घेतल्यासारखा व्हायचा, तसा झाला. 'शैले,' ते हळूच म्हणाले, 'किती वर्षांनी असा हाताला लागला बघ. खराच दिसतोय. तू एकदा ऐक.'

मी ऐकला. एका लयीत, गुळगुळीत, शेवटपर्यंत. खोट काढायला जागा नव्हती. हात घामानं निसटतोय म्हणून मी तो पालथा करून दुसऱ्या हातात घेतला, आणि तळ वर आला. तिथं उघडायच्या किल्लीभोवती दोन जर्मन शब्द कोरलेले असतात. एका अक्षराच्या खाचेत, मुंगीच्या अंड्याएवढं, पिवळं काहीतरी बसलं होतं. मी नखानं टोकरलं आणि बोट नाकाशी नेलं. कैरी. अगदी पुसट, पण कैरीच.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते सगळं इथं लिहिता येणार नाही. दादा दाराशी उभा होता आणि बघत होता, माझ्याकडे नाही, अण्णांच्या तोंडाकडे. मला एकाएकी कळलं की तो सामंतसाठी आला नव्हता, बेंजी अंकलच्या पैशासाठीही नाही. त्याला अण्णांच्या तोंडून एकदा 'खरा' ऐकायचं होतं. आणि बेंजी अंकल माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते, देवळात उभं राहावं तसे. मी गप्प राहिले असते तर तो म्हातारा बुडाला असता, आणि अण्णांचा शब्दही. बोलले असते तर दादा. मला दादा जास्त प्रिय होता, हे मी आज स्पष्ट सांगते. पण अण्णांचा शब्द खोटा झालेला मला बघवला नसता. मी कॅमेरा पालथाच अण्णांच्या हातात दिला आणि म्हटलं, 'अण्णा, तळ बघा.'

त्यांनी बघितलं. अंगठा त्या अक्षरावर फिरवला, हुंगला. मग डोळे मिटले.

'काय रं, बोल ना,' बेंजी अंकल म्हणाले.

'खोटा.'

मॅनेजर लगबगीनं आला. अण्णांच्या एका शब्दानं माल पडून राहतो म्हणून तो आधीच वैतागलेला. 'दरवेळी तुमचं खोटा, खोटा! अहो, चाक आहे, आवाज आहे, सगळं आहे. कशावरून खोटा?' सामंतही खांबापासून पुढे आला. 'हो, कळू द्या ना सगळ्यांना. पुरावा काय?' माणसं जमली. अण्णांना कुणी कधी कारण विचारलं नव्हतं. ते काहीही सांगू शकले असते, आणि लोकांनी मानलं असतं. मी मनात म्हणत होते, काहीही सांगा अण्णा, काहीही.

'आमच्या घरचा आहे,' अण्णा म्हणाले. 'माझ्या मुलानं केलाय.'

मी दाराकडे बघितलं. दादा वळून जिना उतरत होता, इस्त्रीच्या शर्टाची पाठ तेवढी दिसली. अण्णांनी कॅमेरा टेबलावर ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून उलटसुलट करत ते पुटपुटले, 'पण काय काम केलंय. काय हात आहे पोराचा.' ते ऐकायला मी आणि बेंजी अंकल होतो. सामंतनं त्यांच्या हातातून कॅमेरा हळूच काढून घेतला, रुमालात गुंडाळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, 'आता त्याला घरी शोधू नका हं.' मॅनेजर त्याला अडवेल असं मला वाटलं, पण मॅनेजर दुसरीकडे बघत होता.

आम्ही चालत घरी आलो. वाटेत अण्णा भांड्यांच्या दुकानापाशी थांबले आणि काही न घेता पुढे निघाले. घरी शिडी खाली काढून ठेवलेली होती, माळ्यावरचा दिवा चालू होता, आणि ट्रंक गेली होती. 'विजू इलो आणि गेलो,' आई म्हणाली. तिनं चार पाट मांडले होते. अण्णा, मी, आई असे तिघं बसलो, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना बोलणं बंद झालं. अण्णा पोलीस चौक्यांवर गेले, गोदीवर गेले, लालबागच्या त्या कारखान्यात पुन्हा पुन्हा गेले. दादा सापडला नाही. सामंतही पुन्हा कुणाला दिसला नाही. लिलावघरानं अण्णांना बोलावणं सोडलं. टेबलावरचं काळं फडकं आईनं एक दिवस धुऊन घडी करून ठेवलं, आणि अण्णांनी ते पुन्हा मागितलं नाही. दादानं कोरलेल्या ताटात ते मात्र जेवत राहिले. कधीकधी जेवून झाल्यावर ताट पुसून त्या अक्षरांवर अंगठा फिरवत बसायचे.

ती चाळ आता नाही. तिथल्या टॉवरमध्ये आमच्या वाट्याला आलेल्या घरात मी आणि माझी नात राहतो. ईशाला जुन्या कॅमेऱ्यांचा नाद लागला आहे, कुणाकडून ते सांगायला नको. आता लिलाव फोनवर होतात. माल हातात घेता येत नाही, हुंगता येत नाही, ऐकता येत नाही, नुसते फोटो. गेल्या आठवड्यात ती माझ्या मांडीवर फोन ठेवून म्हणाली, 'आजी, हा बघ ना. खरा की खोटा? तासाभरात बोली संपतेय.' काळा कॅमेरा होता. रंग जुन्या कॅमेऱ्यावर बसतो तसा बसलेला, झीज नेमकी अंगठ्याखाली. मी म्हटलं, तळाचा फोटो आहे का? होता. मोठा कर म्हटलं. तिनं दोन बोटांनी मोठा केला. दोन जर्मन शब्दांच्या सगळ्या खाचा पिवळ्या होत्या. चुकून राहिलेल्या नव्हत्या, भरून काढलेल्या होत्या, वर्षांवर वर्षं, पायाशी.

तो पहिला काळा कॅमेरा ताज्या रंगाच्या वासानंच पकडला गेला होता; घर सोडलं तेव्हाही दादाला काळा रंग साधत नव्हता. म्हणजे हा त्याच्या नंतरचा. म्हणजे सामंतच्या हातून तो वाचला होता, कुठेतरी होता, दर नवमीला आंबेहळद उगाळत होता. मला चष्म्यातून काही दिसेना.

'आजी? सांग ना. खोटा आहे का?'

'खोटा आहे,' मी म्हटलं.

'मग सोडून देऊ?'

'नको गो,' मी म्हटलं. 'घे. आपल्या घरचा आहे.'